आयर्लंडच्या ग्रामीण हॉस्टेलमधील मुक्काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयर्लंडमध्ये शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी राहणारी मराठी मंडळी आणि त्यांच्याकडे महिना-दोन महिन्यांसाठी येणारे आईवडील यांच्याकडून जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. डब्लिन, कॉर्क किंवा गॉलवे शहरांतील मोठ्या हॉस्टेलांचा विचार येथे केलेला नाही. केरी, कॉनेमारा, क्लेअर, डोनेगल, विकलो अशा भागांत, गावाबाहेर, बहुतेक वेळा एखाद्या कुटुंबाने चालवलेल्या लहान हॉस्टेलांपुरतीच ही माहिती आहे.

१. हॉस्टेल म्हणजे विद्यार्थ्यांचे वसतिगृहच ना? आमच्यासारख्या पन्नाशीतल्या माणसांना तेथे घेतात का?

घेतात. आपल्याकडे हॉस्टेल म्हटले की महाविद्यालयाचे वसतिगृह डोळ्यांपुढे येते. येथे मात्र हा शब्द प्रवाशांच्या स्वस्त आणि सामायिक निवासासाठी वापरला जातो. शाळकरी मुलांना पायी भटकंतीत रात्रीचा निवारा मिळावा, ही कल्पना रिखार्ड शिरमान या जर्मन शिक्षकाला १९०९ मध्ये सुचली. १९३१ मध्ये आयर्लंडमध्ये ‘आन ओगे’ (अर्थ ‘तरुणाई’) ही हॉस्टेलांची संघटना स्थापन झाली आणि तिचे पहिले हॉस्टेल विकलो परगण्यात लॉख डॅन येथे सुरू झाले. ‘तरुणांसाठी’ हे विशेषण नावापुरतेच उरले असून आज तेथे सत्तरीतली पायी फिरणारी जोडपी, सायकलस्वार आणि लहान मुलांची कुटुंबे असे सगळेच उतरतात. ज्यांनी भारतात यूथ हॉस्टेल्स असोसिएशनच्या मोहिमा केल्या आहेत, त्यांना हे वातावरण लगेच ओळखीचे वाटेल. संघटनेच्या हॉस्टेलांखेरीज पुष्कळ हॉस्टेले स्वतंत्र असतात आणि त्यांचे मालक त्याच घरात किंवा शेजारच्या घरात राहतात.

२. जवळच चांगले बी अँड बी असताना हॉस्टेल का निवडावे? फक्त पैसे वाचतात म्हणून?

पैसे वाचतात हे खरे, पण माझ्या मते खरे कारण स्वयंपाकघर हे आहे. बी अँड बीमध्ये, म्हणजे खोली आणि न्याहारी देणाऱ्या घरगुती निवासात, आपण आपल्या खोलीत असतो आणि सकाळी न्याहारी समोर येते. हॉस्टेलमध्ये मात्र संध्याकाळी सहा वाजता एकाच ओट्याशी चार देशांची माणसे कांदा चिरत उभी असतात, आणि उद्या कोणती वाट घ्यावी, कोणता पूल वाहून गेला आहे, कोणत्या गावात आज संगीत आहे, हे सगळे तेथेच कळते. मालकही मधूनच डोकावतात. चहा हवा का, असे विचारल्यावर आपण संकोचाने नको म्हटले, तर ते पुन्हा विचारतात. आपल्याकडच्या आग्रहासारखीच ही रीत आहे आणि दुसऱ्यांदा हो म्हणण्यात काहीही गैर नाही. मात्र ज्यांना रात्री निवांत एकांत हवा आहे किंवा खोलीत सेवा हवी आहे, त्यांनी हॉस्टेल निवडू नये. ते स्वस्त हॉटेल नव्हे. अनेकांनी मिळून वापरायचे ते घर आहे.

३. साधारण खर्च किती येतो?

डॉर्मिटरीतील, म्हणजे अनेक खाटांच्या सामायिक खोलीतील, एका खाटेसाठी साधारणपणे २५ ते ४० युरो धरून चालावे. स्वतंत्र खोलीचा दर अर्थातच जास्त असतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये सगळेच दर चढतात. चादर आणि रजई बहुधा भाड्यातच येते, टॉवेलसाठी वेगळे पैसे पडू शकतात. थोडी रोख रक्कम जवळ असावी, कारण कपडे धुण्याच्या यंत्रासाठी अनेक ठिकाणी नाणीच लागतात.

४. कोणत्या महिन्यांत जावे?

मे, जून आणि सप्टेंबर हे माझ्या पसंतीचे महिने आहेत. जूनमध्ये पश्चिम किनाऱ्यावर रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे उशिरा निघूनही दिवस हाती राहतो; डिसेंबरमध्ये हाच सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो. पुष्कळ ग्रामीण हॉस्टेले ईस्टरच्या सुमारास उघडतात आणि ऑक्टोबरअखेर बंद होतात. दिवाळीच्या सुट्टीला जोडून जाण्याचा बेत असेल, तर हॉस्टेल उघडे आहे याची खात्री आधीच करून घ्यावी.

५. जुन्या प्रवासपुस्तकातील हॉस्टेलांची यादी माझ्याकडे आहे. ती वापरली तर चालेल का?

केवळ त्या यादीवर विसंबून निघू नये. गेल्या काही दशकांत अनेक लहान हॉस्टेले कायमची बंद झाली. त्यातच २०२२ पासून युक्रेनमधून आणि इतर देशांतून आश्रयासाठी आलेल्या लोकांच्या निवासासाठी सरकारने पर्यटकांची बरीच निवासस्थाने कराराने घेतली, त्यामुळे काही ठिकाणी इमारत उभी असूनही प्रवाशांना खाट मिळत नाही. हॉस्टेलला थेट दूरध्वनी किंवा ईमेल करावा. लहान ठिकाणी उत्तर मालकच देतात. व्हिसाच्या अर्जासाठी निवासाचा पुरावा लागणार असेल, तर नाव आणि तारखा असलेले पत्र त्याच वेळी मागून घ्यावे.

६. आमच्याकडे गाडी नाही. तेथपर्यंत पोहोचायचे कसे?

पोहोचता येते, पण वेळापत्रक पाहून दिवस आखावा लागतो. मोठ्या गावापर्यंत रेल्वे किंवा ‘बस एरन’ या सरकारी कंपनीची बस मिळते. पुढे ‘लोकल लिंक’ या ग्रामीण सेवेच्या लहान बसगाड्या असतात, पण त्यांच्या फेऱ्या मोजक्याच असतात आणि रविवारी कित्येक मार्गांवर एकही गाडी नसते. म्हणून रविवारी मुक्काम बदलण्याचे टाळावे. शेवटच्या थांब्यावरून हॉस्टेल तीन-चार किलोमीटर दूर असल्यास मालकांना आधी सांगून ठेवावे. गावात सामान आणायला आले असतील, तर ते सोबत घेऊन जातात. हा हक्क नव्हे, त्यांचा चांगुलपणा आहे, म्हणून तो गृहीत धरू नये.

पत्ता शोधताना एक गोष्ट फार उपयोगी पडते. येथील खेड्यांत घरांना क्रमांक आणि रस्त्यांना नावे नसतात. एकाच पत्त्यावर दहा घरे असू शकतात. २०१५ पासून प्रत्येक पत्त्याला ‘एअरकोड’ नावाचा, अक्षरे आणि अंक मिळून सात चिन्हांचा स्वतंत्र संकेतांक मिळाला आहे. तो लिहून घ्यावा आणि मोबाइलचे नेटवर्क असतानाच नकाशा उतरवून ठेवावा.

७. भाड्याने गाडी घेतली तर भारतातील परवाना चालतो का? रस्ते कसे आहेत?

पर्यटक म्हणून आलेल्या व्यक्तीला आपल्या देशाच्या वैध परवान्यावर गाडी चालवता येते. मात्र गाडी देणाऱ्या कंपनीच्या अटी याहून कडक असू शकतात, त्या आधी वाचाव्यात. वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात. अडचण रस्त्याच्या रुंदीची असते. दोन्ही बाजूंना दगडी बांध किंवा झुडपांची भिंत, मध्ये एकच गाडी मावेल एवढा रस्ता आणि वळणापलीकडे मेंढ्यांचा कळप, असा प्रसंग रोज येतो. समोरून गाडी आल्यास ज्याला जागा जवळ आहे त्याने मागे घ्यायची असते आणि जाताना स्टिअरिंगवरचे एक बोट उचलून आभार मानायचे असतात. फेब्रुवारी २०२५ पासून अशा स्थानिक रस्त्यांवरील सर्वसाधारण वेगमर्यादा ताशी ८० वरून ६० किलोमीटर करण्यात आली आहे. प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी ४० देखील जास्त वाटतो.

८. एकट्या मुलीने किंवा बाईने डॉर्मिटरीत राहणे सुरक्षित आहे का? सामानाचे काय?

बहुतेक ठिकाणी फक्त महिलांसाठी वेगळी डॉर्मिटरी असते किंवा मागितल्यास तशी सोय केली जाते. नोंदणी करतानाच विचारावे, कारण ‘मिश्र’ हा पर्याय आपोआप निवडला गेलेला असू शकतो. लहान हॉस्टेलमध्ये मालकांना प्रत्येक पाहुण्याचे नाव ठाऊक असते, आणि शहरातील दोनशे खाटांच्या इमारतीपेक्षा मला तेथे नेहमीच अधिक निश्चिंत वाटले आहे. तरीही पासपोर्ट आणि पैसे अंगाबरोबर ठेवावेत आणि लहान कुलूप सोबत न्यावे. स्वतःची स्लीपिंग बॅग बहुधा वापरू देत नाहीत, कारण तिच्यातून ढेकूण येण्याची भीती असते. रात्री दहा-साडेदहानंतर दिवा लावू नये, आणि पहाटे निघायचे असल्यास सामान आदल्या रात्रीच भरून ठेवावे. प्लॅस्टिकच्या पिशव्यांची चुळबुळ अख्ख्या खोलीला जागे करते.

९. आईवडील आणि चार वर्षांची मुलगी सोबत आहे. जमेल का?

जमेल, पण डॉर्मिटरीत नव्हे. लहान मुलांना मिश्र डॉर्मिटरीत सहसा घेत नाहीत, म्हणून कौटुंबिक खोली घ्यावी. आईवडिलांच्या दृष्टीने तीन गोष्टी विचाराव्यात: खोली तळमजल्यावर आहे का, खालची खाट मिळेल का आणि स्वच्छतागृह खोलीला जोडून आहे का. जुन्या दगडी घरांचे जिने अरुंद आणि उंच पायऱ्यांचे असतात.

१०. न्हाणीघराबाबत काही वेगळे आहे का?

आहे, आणि यावरूनच सर्वांत जास्त गैरसमज होतात. शॉवरच्या चौकटीबाहेरच्या जमिनीला पाणी वाहून जाण्याची वाट नसते. खाली लाकूड असते, कधी कधी तर गालिचाही असतो. बादली-तांब्याने बाहेर बसून स्नान केल्यास ते पाणी थेट खालच्या खोलीच्या छतातून ठिबकते. विजेवर चालणाऱ्या शॉवरसाठी छतावरून लोंबणारी दोरी ओढावी लागते किंवा दाराबाहेरचे बटण दाबावे लागते. पाणी गार येते अशी तक्रार करण्यापूर्वी ते पाहावे. गरम पाण्याची टाकी सगळ्यांत मिळून एकच असू शकते, म्हणून स्नान पाच मिनिटांत आटोपावे. काही हॉस्टेलांचे पाणी स्वतःच्या विहिरीचे किंवा गावाच्या सामूहिक योजनेचे असते. नळाजवळ उकळून पिण्याची सूचना लावलेली असल्यास ती पाळावी.

११. सामायिक स्वयंपाकघरात आपला स्वयंपाक करता येतो का? वासावरून कोणी बोलत नाही ना?

करता येतो, आणि मनापासून सांगतो, करावाच. भांडी, ताटे, शेगडी, शीतकपाट हे सगळे तेथे असते. तेल, मीठ, चहा मागच्या पाहुण्यांनी ठेवलेल्या ‘सर्वांसाठी’ असलेल्या फळीवर बहुधा सापडतात. शीतकपाटातल्या आपल्या डब्यावर नाव आणि जाण्याची तारीख लिहावी. नाव नसलेली वस्तू सर्वांची समजली जाते किंवा टाकून दिली जाते.

खरी काळजी घ्यायची ती फोडणीची. कडकडीत तेलात मोहरी आणि सुकी मिरची पडली की जो धूर उठतो, त्याने छतावरचा स्मोक अलार्म वाजतो, आणि तो वाजला की नियमानुसार घरातल्या प्रत्येकाला, झोपलेल्यालाही, बाहेर अंगणात जाऊन उभे राहावे लागते. एकदा माझ्याच मिरचीमुळे भर पावसात अकरा माणसे बाहेर उभी राहिली होती. तेव्हापासून मी तेल बेताचे तापवतो, मिरची शेवटी घालतो, खिडकी आधी उघडतो आणि हॉलकडचे दार बंद ठेवतो. अलार्मवर कापड बांधणे किंवा त्याची बॅटरी काढणे हा मात्र गुन्हाच समजावा. जुन्या घरात जीव वाचवणारी तीच एक गोष्ट असते.

वासाबद्दल कोणी बोलल्याचे मला आठवत नाही. उलट पातेल्यात काय आहे याची चौकशीच होते. मुगाच्या डाळीची खिचडी थोडी जास्त टाकून दोन वाट्या पुढे केल्या, तर संध्याकाळ वेगळीच होते. कुणी मांस शिजवलेले भांडे चालत नसेल, तर आपले एक लहान पातेले आणि कालथा सोबत न्यावा. त्यावरून कोणाला वाईट वाटत नाही. जेवण झाल्यावर आपली भांडी लगेच धुवून, पुसून जागच्या जागी ठेवणे हा येथील एकमेव कडक नियम म्हणता येईल.

१२. भारतातून येताना खाण्याचे काय आणता येते?

युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दूध यांचे पदार्थ सामानातून आणता येत नाहीत. त्यामुळे पेढे, खवा, पनीर, तूप घरीच ठेवावे. बाळाच्या दुधाच्या पावडरीसारख्या काही वस्तूंना मर्यादित सूट आहे. ताज्या फळांना आणि पाल्याला वनस्पती-आरोग्याचे प्रमाणपत्र लागते, म्हणून हापूसची पेटी आणि कढीपत्त्याची जुडी दोन्ही अडतात. पोहे, मेतकूट, गोडा मसाला, डाळीची भाजणी आणि सुक्या चटण्या यांत अशी अडचण नाही, आणि हॉस्टेलच्या मुक्कामात सर्वांत उपयोगी पडतात त्याही याच गोष्टी.

१३. आम्ही शाकाहारी आहोत. गावातल्या खाणावळीत काय मागावे?

सोडा ब्रेड आणि लोणी, ओट्सची लापशी, उकडलेल्या बटाट्यात कोबी किंवा ‘केल’ ही पालेभाजी घालून केलेले कोलकॅनन आणि चीजचे सँडविच यांवर दिवस सहज निघतो. भाज्यांचे सूप मात्र कोंबडीच्या रसात केलेले असू शकते, म्हणून स्पष्ट विचारावे. न्याहारीतील ‘पुडिंग’ गोड नसते: काळ्या पुडिंगमध्ये डुकराचे रक्त असते, पांढऱ्यामध्ये मांस. गोमांस न खाणाऱ्यांनी ‘मिन्स’ हा शब्द ध्यानात ठेवावा, कारण काही वेगळे सांगितले नसेल तर तो खिमा गाईचाच असतो. गावातले दुकान लवकर बंद होते. एका रात्रीचा शिधा नेहमी सोबत असावा.

१४. पाऊस किती असतो? कपडे कसे वाळवायचे?

कोकणात पाऊस जसा कोसळतो तसा येथे क्वचितच कोसळतो, पण भुरभुर मात्र कोणत्याही महिन्यात, दिवसातून चारदा होऊ शकते. धुक्यासारख्या बारीक पावसाच्या दिवसाला येथील लोक प्रेमाने ‘सॉफ्ट डे’ म्हणतात. छत्री वाऱ्यापुढे टिकत नाही. टोपीचे जलरोधक जाकीट आणि तशीच विजार घ्यावी. जीन्स ओली झाली की दोन दिवस वाळत नाही. चांगल्या हॉस्टेलमध्ये ‘ड्राइंग रूम’ असते. नावावरून ती दिवाणखाना वाटते, पण ती ओले कपडे आणि बूट वाळवण्याची उबदार खोली असते. चिखलाचे बूट तेथेच उतरवून पुढे मोज्यांनी जावे.

बैठकीच्या खोलीत शेकोटी असेल, तर तिच्यात दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या, म्हणजे टर्फच्या विटा जळताना दिसतील. त्यांचा गोडसर, मातकट धूर ही पश्चिम आयर्लंडची ओळखच आहे. धुराच्या प्रदूषणामुळे ऑक्टोबर २०२२ पासून दुकानांतून टर्फ विकण्यास बंदी आली. दलदलीत पिढीजात हक्क असलेली कुटुंबे स्वतःपुरते टर्फ मात्र आजही कापतात. शेकोटीत सरपण घालण्यापूर्वी विचारावे, ते काम बहुधा मालकांचेच असते.

१५. आम्ही कळसूबाई, हरिश्चंद्रगड केले आहेत. येथील डोंगर सोपेच जातील ना?

आयर्लंडचे सर्वोच्च शिखर, केरीतील कॅरनटूहिल, सुमारे १०४० मीटर उंच आहे. कळसूबाई १६४६ मीटर. या आकड्यांनी फसू नये. येथील पायथा जवळजवळ समुद्रसपाटीलाच असतो, त्यामुळे चढ सुमारे ९०० मीटरचा पडतो. लोखंडी शिड्या नाहीत, कठडे नाहीत, वरती पाण्याची टपरी नाही आणि वीस मिनिटांत ढग उतरून पुढचे माणूस दिसेनासे होते. नकाशा, होकायंत्र आणि ते वापरण्याचे ज्ञान आवश्यक आहे. आपण कोठे जात आहोत आणि किती वाजता परतणार, हे हॉस्टेलमध्ये सांगून निघावे. वेळेत न परतल्यास शोध तेथूनच सुरू होतो. संकटात ११२ किंवा ९९९ वर दूरध्वनी करून डोंगरबचाव पथक मागावे. साप या देशात नाहीत. गवतातल्या गोचिडी मात्र आहेत आणि त्यांच्यामुळे लाइम रोग होऊ शकतो, म्हणून संध्याकाळी पाय तपासावेत.

ज्यांना एवढे धाडस नको, त्यांच्यासाठी पिवळ्या खुणांच्या आखलेल्या वाटा आहेत. विकलो वे ही त्यांतली सर्वांत जुनी, १९८० मध्ये सुरू झालेली, सुमारे १३० किलोमीटरची. सायकलवाल्यांना वेस्टपोर्ट ते अकिल ही ४२ किलोमीटरची जुन्या रेल्वेमार्गावरील वाट मी डोळे मिटून सुचवेन.

१६. कोणाच्याही शेतातून चालत गेले तर चालते का?

नाही. आयर्लंडमध्ये खासगी जमिनीवरून मुक्त संचाराचा कायदेशीर हक्क नाही. आखलेल्या वाटाही अनेक ठिकाणी शेतकऱ्यांच्या संमतीवर चालतात. फाटक ज्या स्थितीत सापडले त्याच स्थितीत ठेवावे, बांधावरचा दगड पाडू नये आणि मेंढ्यांच्या भागात कुत्रा नेऊ नये. एका टोळीने केलेल्या त्रासामुळे संमती मागे घेतली गेली, तर ती वाट पुढच्या सगळ्यांसाठी बंद होते.

१७. दारू न पिणाऱ्यांनी आणि मुलांनी पबमध्ये जावे का?

जरूर जावे, कारण गावाचा दिवाणखाना तोच असतो. चहा किंवा लिंबूपाणी मागितल्याने कोणी भुवया उंचावत नाही. कोपऱ्यातील मोकळी बाके वादकांची असू शकतात, तेथे बसण्यापूर्वी विचारावे, आणि कोणी साथीशिवाय गाऊ लागले तर बोलणे थांबवावे. अठरा वर्षांखालील मुलांना रात्री नऊपर्यंतच, आणि मे ते सप्टेंबर या काळात दहापर्यंत, तेथे थांबता येते.

१८. पाट्यांवर इंग्रजी नसेल तर?

गेल्टाख्त, म्हणजे आयरिश भाषिक प्रदेशात, गावांची नावे केवळ आयरिशमध्ये लिहिलेली असतात. डिंगलचे आयरिश नाव ‘दांगन ई खूश’ असे आहे. दोन्ही नावे आधीच लिहून ठेवावीत. स्वच्छतागृहाच्या दारावर ‘एम’ने सुरू होणारा ‘म्ना’ हा शब्द स्त्रियांसाठी आणि ‘एफ’ने सुरू होणारा ‘फिर’ पुरुषांसाठी असतो. इंग्रजीच्या सवयीने अंदाज केल्यास हमखास चूक होते.

१९. रोज दोन तास साफसफाई करून फुकट राहता येते, असे ऐकले. पर्यटक व्हिसावर चालेल का?

चालणार नाही. अल्प मुदतीच्या पर्यटक व्हिसावर मोबदल्याचे किंवा बिनमोबदल्याचे, कोणतेच काम करता येत नाही आणि खाटेच्या बदल्यात केलेली साफसफाई हे कामच आहे. आपली ताटे धुणे (प्रश्न ११) यात अर्थातच येत नाही.

२०. शेंगेन व्हिसा आहे. शिवाय डोनेगलमधून डेरीला एक दिवस जाऊन यायचे आहे. काही अडचण?

दोन अडचणी आहेत. आयर्लंड शेंगेन क्षेत्रात नाही, त्यामुळे भारतीय नागरिकाला तो व्हिसा येथे उपयोगी पडत नाही. आयर्लंडचा स्वतंत्र व्हिसा लागतो. दुसरे म्हणजे डेरी उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या अखत्यारीत आहे. सीमेवर चौकी नाही आणि बस थांबतही नाही, पण म्हणून ब्रिटनचा व्हिसा लागत नाही असा अर्थ होत नाही. आयर्लंडमध्ये नोकरी करणाऱ्या भारतीयांनाही हा नियम लागू आहे. भारतातून अर्ज करणाऱ्यांसाठी ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना आहे; व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ अशी नोंद असल्यास आणि ज्या देशाने तो दिला तेथे आधी प्रवेश केला असल्यास, त्याच व्हिसावर दुसऱ्या देशातही जाता येते. अशी नोंद नसेल, तर डोनेगलमधल्या हॉस्टेलवरून निघणारी सहल सीमेच्या अलीकडेच आखावी. नोंद असेल, तर पौंड सोबत घ्यावेत आणि सीमा ओलांडताच रस्त्यावरच्या पाट्या किलोमीटरऐवजी मैलांत सुरू होतात, याकडे गाडी चालवणाऱ्याने लक्ष द्यावे.